नातवाच्या गळ्यातले आजोबा

हुमनाबादला लागून असलेल्या माणिकनगरात दत्तजयंतीला दरबार भरतो. रात्र चढत जाते तसा एकेक गवई पुढे येऊन बसतो, हजेरी लावतो आणि प्रसाद घेऊन उठतो. ज्यांच्या नावाने हे सारे चालते त्या माणिकप्रभूंचा आवाज आज हयात असलेल्या कुणाच्याही कानावर पडलेला नाही. लाडवंतीत १८१७ साली जन्मलेल्या प्रभूंनी १८६५ मध्ये समाधी घेतली, आणि एडिसनचे आवाज टिपणारे यंत्र आले ते १८७७ मध्ये. तरीही भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या भजनी मंडळांत त्यांची पदे म्हटली जातात. पेटी बदलते, पट्टी बदलते, चालीतली एखादी जागा गावागणिक वेगळी पडते. मूळ आवाज कसा होता, असे तिथे कुणी विचारत नाही. बापाचे ऐकून मुलाने उचलले, बुवांचे ऐकून पोरांनी उचलले, तेवढ्यावर भागते.

सिनेमाला इतके सैल राहून चालत नाही. त्याला चेहरा लागतो, त्या काळचे कपडे लागतात, शब्दावर नेमके हलणारे ओठ लागतात. म्हणून गवयाचे चरित्र पडद्यावर आणायचे ठरले की बहुतेक दिग्दर्शक ठरलेली पायवाट धरतात. लहानपणची गरिबी, पदरचे मोडून मुलाला शिकवणारी आई, तऱ्हेवाईक गुरू, जाणकारांनी उडवलेली टर, मग एखादे व्यसन किंवा दुखणे, आणि शेवटी खच्चून भरलेल्या सभागृहातल्या टाळ्या. गाणे असते ते या प्रसंगांच्या मधल्या जागा बुजवायला. आलाप सुरू होतो न होतो तोच कॅमेरा पहिल्या रांगेतल्या डोलणाऱ्या मानांकडे वळतो, तिथून खिडकीबाहेरच्या पावसाकडे जातो, आणि परत येतो तेव्हा गवई तिहाई घेऊन समेवर आलेला असतो.

कॅमेऱ्याच्या या पळापळीमागचे कारण साधे आहे. समोर बसलेला नट गात नसतो.

गाणारा माणूस जवळून पाहिलेल्याला ही चोरी लपत नाही. तान सुटण्याआधी पोट भरते, खांदे जागचे हलत नाहीत. खर्जात उतरताना हनुवटी आत ओढली जाते, गमकेला जबडा थरथरतो, तार षड्जावर थांबताना मानेची शीर उभी राहते. सम जवळ आली की नजर आपोआप तबलजीच्या डाव्या हाताकडे जाते. आणि सूर लागला नाही तर चेहऱ्यावर क्षणभर जी नाराजी उमटते, ती कुठल्याच नाट्यशाळेत शिकवत नाहीत. नट ओठ बरोबर हलवतो, हातही फिरवतो; पण त्याचा हात सुराच्या मागून येतो. खऱ्या गवयाचा हात सुराच्या किंचित आधी निघालेला असतो, कारण कुठे जायचे आहे हे त्याला आधी ठाऊक असते. गुरुवारच्या भजनात टाळ धरून बसलेल्या साध्या माणसालाही एवढे कळते, कारण त्याच्या मांडीला मांडी लावून गाणारा बसलेला असतो.

मराठी चित्रपटाने ही अडचण २०११ पासून तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी हाताळली, आणि ते तिन्ही प्रयत्न एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला २०११ सालचा ‘बालगंधर्व’. दिग्दर्शक रवी जाधव, निर्माते नितीन चंद्रकांत देसाई. चेहरा सुबोध भावे यांचा, गळा आनंद भाटे यांचा, आणि त्या चेहऱ्याचे नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व करणारी रंगभूषा विक्रम गायकवाड यांची. भाटे आणि गायकवाड या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. एका माणसासाठी तीन माणसे राबली, तरी पडद्यावर सांधा फारसा दिसत नाही. त्याचे श्रेय कारागिरांना आहेच, पण काही अंशी ते खुद्द बालगंधर्वांनाही जाते. आपण पाहतो ती बाई नव्हे हे पक्के माहीत असूनही प्रेक्षक भामिनीवर आणि सिंधूवर जीव टाकत होते. ज्याचे सगळे आयुष्यच मानीव रूपावर उभे राहिले, त्याच्या चरित्रात उसना गळा खटकला नाही तर नवल नाही.

उलट, हा माणूस स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तेव्हा काय झाले? प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये १९३५ साली व्ही. शांतारामांनी त्यांना संत एकनाथ केले. लुगडे गेले, पुरुषाचा वेश आला. आवाज तोच, माणूस तोच, पण रंगभूमीवरची ती जादू पडद्यावर उतरली नाही. पुढे मीराबाईच्या नाटकाचा चित्रपट करून त्यांनी पुन्हा स्त्रीवेश धरला, तोही चालला नाही. नाट्यगृहातला उजेड आणि दहाव्या रांगेपासूनचे अंतर, या दोन गोष्टी त्या गाण्याच्या साथीला होत्या. कॅमेऱ्याने दोन्ही काढून घेतल्या. म्हणजे खरा गळा आणि खरा चेहरा एकत्र आला की काम झाले, इतके हे सोपेही नाही.

दुसरा प्रयत्न ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन होऊन उभे राहिले वसंतराव देशपांडे. या नाटकावर सुबोध भावे यांनी २०१५ मध्ये चित्रपट केला. त्यात खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर आणि त्यांच्या तोंडून ऐकू आला तो राहुल देशपांडे यांचा आवाज. राहुल हे वसंतरावांचे नातू. आजोबांची भूमिका त्यांनी नाटकाच्या नव्या प्रयोगांत रंगमंचावर स्वतः केली होती. चित्रपटात मात्र त्यांचा गळा तेवढा आला, देह दुसऱ्याचा राहिला.

तिसरा प्रयत्न १ एप्रिल २०२२ रोजी प्रदर्शित झालेला ‘मी वसंतराव’. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी. इथे नातूच आजोबा होतो आणि नातूच गातो. गवई नटाने पडद्यावर स्वतः गावे ही मराठीला नवी गोष्ट नव्हती. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस दिसतात आणि तेच गातात. तो चित्रपट व्हेनिसला नावाजला गेला. त्यासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेले एक पद तर इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की लोक त्याला गाथेतलाच अभंग समजू लागले. पण पागनीस तुकोबांचे कुणी नव्हते. ‘मी वसंतराव’मध्ये रक्ताचे नाते आहे, आणि त्या नात्यात एक मोठी फट आहे. राहुल यांचा जन्म १९७९ चा. वसंतराव गेले ३० जुलै १९८३ रोजी. नातू तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. आजोबांच्या समोर बसून तालीम घ्यायला मिळालीच नाही. जे मिळाले ते ध्वनिमुद्रणांतून, आजोबांना ऐकलेल्या माणसांकडून आणि दुसऱ्या गुरूंकडून.

हे ध्यानात ठेवून चित्रपट पाहिला की तो निराळाच दिसू लागतो. पडद्यावर वसंतरावांची कहाणी चालू असते: मुर्तिजापूरला १९२० मध्ये जन्म, एकट्या आईने नागपुरात केलेला सांभाळ, शंकरराव सप्रे गुरुजींकडचे शिक्षण, लाहोरला असदअली खाँसाहेबांकडून मिळालेला मारवा, पुण्यात लष्करी हिशेब खात्यातली कारकुनी, पु. ल. देशपांड्यांची दोस्ती. त्याच वेळी पडद्यावर दुसरेही एक चरित्र घडत असते. जो आवाज हाताला लागण्याआधीच निसटला, त्याच्याकडे पोचायची नातवाची धडपड त्यात उघड दिसते. वसंतरावांची तान वक्र, अंदाज न येऊ देणारी, मध्येच कुठल्या स्वरावरून उडी मारील याचा नेम नसलेली. राहुल ती नकलून काढत नाहीत. तिच्या जवळ जातात, आणि काही ठिकाणी आपल्या वाटेने वळतात. त्या वळणांवर कॅमेरा थांबतो. त्याला पळायची गरज नाही, कारण समोरचा माणूस खरोखर गाणारा आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा मान राहुल देशपांडे यांना याच चित्रपटासाठी मिळाला. ज्याच्यासाठी पार्श्वगायन केले तो नटही आपणच, असा तो पुरस्कार. ध्वनिआरेखनासाठी अनमोल भावे यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आपले घराणे आपल्यापासून सुरू होते, असे वसंतराव म्हणत. सुरेशबाबू मान्यांकडून किराना, अमानअली खाँकडून भेंडीबाजार, दीनानाथांच्या गाण्याचा लहानपणापासूनचा ध्यास, शिवाय लाहोरचा तो मारवा. इतके सगळे पचवलेल्या माणसाला एका घराण्याच्या चौकटीत बसवायचे कसे, हा तेव्हाच्या जाणत्यांपुढचा प्रश्न होता. नाट्यसंगीत, ठुमरी, लावणी असे सगळेच गाणारा म्हणून शास्त्रोक्त मंडळींच्या भुवया वर जात. हे घराणे पुढे चालले का, याचे उत्तर कुठल्याही संवादात देण्यापेक्षा नातवाच्या गळ्यातून देणे, यात या चित्रपटाचे वेगळेपण आहे. मांडणी मात्र त्याने फारशी मोडलेली नाही. बालपण ते यश ही रांग तशीच आहे, आईचे सोसणे आहे, उशिरा मिळालेली दाद आहे. नाटकाच्या यशाकडे कथा ज्या वेगाने धावते तो वेग ओळखीचा आहे. पण सरकारी कचेरीत दिवसभर आकडे लिहून संध्याकाळी तंबोरा जुळवणाऱ्या माणसाला हा चित्रपट जो वेळ देतो, तो बिदर-कलबुर्गीकडच्या पेटी मास्तरांना ओळखीचा वाटेल. शाळा, पोस्ट, तहसील कचेरी सांभाळून गाणे टिकवलेली माणसे या भागात गावोगाव आहेत. नोकरी सोडावी की नाही, हा त्यांच्या घरातला वर्षानुवर्षांचा विषय. बहुतेकांनी सोडली नाही. त्यांच्यावर चित्रपट निघत नाही.

म्हणजे अगदीच निघत नाही असेही नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात गेला आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. तो कुणा प्रसिद्ध गवयाचे चरित्र नाही. गाण्यावर निष्ठा असलेल्या, रियाझात कसूर न करणाऱ्या, आणि तरीही मोठा न होऊ शकलेल्या एका मुलाचे चरित्र आहे. शिष्य झालेले आदित्य मोडक गायक आहेत आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे किशोरी आमोणकरांचे शिष्य. चित्रपटातली एक मैफल तर अशी आहे की आवाज लागत नाही, मुलगा रेटत राहतो आणि श्रोते अवघडतात. हे अवघडलेपण खरे वाटते, कारण बेसूर होणे कुठे सुरू होते हे गाणाऱ्यालाच दाखवता येते. यशस्वी गवयांच्या चरित्रपटांत शेवटी येणाऱ्या टाळ्यांचा हिशेब या चित्रपटाने एकदा मांडून ठेवला.

बाहेरच्या जगातही या पेचाशी दिग्दर्शक नाना तऱ्हेने झुंजले आहेत. ज्याँ-मारी स्त्राउब आणि दानिएल युइये या जोडप्याने १९६८ मध्ये बाखवर चित्रपट केला तेव्हा बाख म्हणून नट घेतलाच नाही. हार्प्सिकॉर्डवादक गुस्ताव लेओनहार्ट यांना पोशाख घालून बसवले आणि रचना वाजवायला लावल्या. कॅमेरा जागचा न हलता ऐकत राहिला. फ्रांस्वा जिरार यांनी १९९३ मध्ये पियानोवादक ग्लेन गूल्डचे आयुष्य बत्तीस तुकड्यांत मांडले, बाखच्या गोल्डबर्ग रचनेतली तीस रूपे आणि दोन टोकांचे दोन आरिया यांच्या हिशेबाने. त्यात गूल्ड झालेला नट पियानो वाजवताना दिसतच नाही. बॉब डिलनवर टॉड हेन्स यांनी २००७ साली चित्रपट केला तेव्हा एका माणसासाठी सहा नट घेतले, त्यांत एक बाई आणि एक काळा मुलगा, आणि एकाही पात्राचे नाव डिलन ठेवले नाही. अलीकडे २०२४ मध्ये रॉबी विल्यम्स या गायकाच्या चरित्रपटात तर नायकाच्या जागी संगणकावर घडवलेला चिंपांझी नाचतो. चेहऱ्याचे साम्य जुळवण्याचा नाद सोडला की किती वाटा फुटतात, हे या प्रत्येकातून दिसते.

आपल्याकडे ही वाट सर्वांत धीटपणे चालले मणि कौल. ते स्वतः झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकले होते. फिल्म्स डिव्हिजनसाठी १९८९ मध्ये त्यांनी ‘सिद्धेश्वरी’ केला. बनारसच्या ठुमरी गायिका सिद्धेश्वरी देवींचे आयुष्य त्यात सालवारीने येत नाही. घाट, गल्ली, जिना, पाणी, मध्येच कुणाचा तरी आवाज, अशा ओघाने ते येते. ठुमरीत एकाच शब्दाभोवती दहा अंगांनी बोल बनवावेत तशी त्याची जडणघडण आहे. सिद्धेश्वरी झालेल्या मीता वशिष्ठ शेवटी पडद्यावरच एका दूरचित्रवाणी संचासमोर बसतात आणि खऱ्या सिद्धेश्वरी देवींना गाताना पाहतात. नटी आपली भूमिका खाली ठेवते आणि श्रोती होते. तोतयेपणाची कबुली इतक्या मोकळेपणाने देणारा चरित्रपट विरळा.

‘सिद्धेश्वरी’त मधली फट उघडी ठेवली जाते, आणि ‘मी वसंतराव’त नातू ती गाऊन भरायला बघतो. दोन्ही वाटा परस्परविरुद्ध. पण हरवलेला आवाज मेकअपने परत येत नाही, हे दोघांनीही मान्य केलेले आहे.

सीमाभागातल्या प्रेक्षकाची या बाबतीतली परिस्थिती थोडी वेगळी आहे. जुना बिदर जिल्हा निजामाच्या राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत त्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याकडे, काही भाग आंध्राकडे, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूरकडे. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, अशी तीन ताटे इथल्या माणसापुढे रोज मांडलेली असतात. म्हणून गवयांचे दोन्हीकडचे चित्रपट त्याच्या वाट्याला येतात. हंसलेखा यांच्या संगीताने सजलेला ‘गानयोगी पंचाक्षर गवई’ हा १९९५ सालचा कन्नड चित्रपट त्याला ठाऊक असतो. स्वतः अंध असून गावोगाव फिरती संगीतशाळा चालवणारे, शेवटी गदगला स्थिरावलेले पंचाक्षरी गवई त्यात आहेत, आणि त्यांच्यासाठी आवाज आहे एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा. शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण न झालेल्या या पार्श्वगायकाला हिंदुस्थानी रागातल्या त्या गाण्याने राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. उसना गळा म्हणून नाक मुरडण्याआधी ते गाणे एकदा ऐकावे. उसना असला तरी तो गळा त्या दिवशी मनापासून तिथे होता.

आणि मग मल्लिकार्जुन मन्सूर. धारवाडजवळच्या मन्सूर गावी जन्मलेले, लहानपणी नाटक कंपनीत रमलेले, मिरजेच्या नीलकंठबुवा अलूरमठांकडे ग्वाल्हेरची तालीम घेतलेले, आणि पुढे मंजी खाँ व भुर्जी खाँ या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडून जयपूर गायकी उचललेले. बसवकल्याणच्या शरणांची वचने त्यांनी रागात बांधून गायली, तेव्हा बाराव्या शतकातली ती वाणी मैफलीत येऊन बसली. ‘नन्न रसयात्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र कन्नडमध्ये आहे. त्याच नावाने नंदन कुध्यादी यांनी केलेल्या ‘रसयात्रा’ या माहितीपटाला १९९४ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो झाला माहितीपट. मन्सूरांवर कुणी कथापट काढायचा म्हटले तर पहिला प्रश्न गळ्याचा. मुलगा राजशेखर वडिलांच्या मागे बसून गात असे, तोही २०२२ मध्ये गेला. वसंतरावांच्या नातवासारखी सोय प्रत्येक गवयाच्या घरी असत नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. आई-वडिलांशी मन्सूर कन्नड बोलणार, मैफलीनंतरच्या गप्पा पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांशी मराठीत होणार, खाँसाहेबांसमोर उर्दू मिसळलेली हिंदी, बंदिशी ब्रज भाषेत आणि रात्री उशिरा एखादे वचन. सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा घालणारा निर्माता या माणसाचे अर्धे आयुष्य आधीच कापून टाकील. भाषा जशाच्या तशा ठेवणारा कुणी निघालाच, तर त्याला पुण्यात आणि बंगळुरूत उपशीर्षके द्यावी लागतील. भालकीच्या आणि आळंदच्या प्रेक्षकासाठी तो खर्च वाचेल.